लाँग मार्च परत गेल्यावर वनपट्ट्याचं पुढे काय होतं?

रानवाट (धागाकर्ती)

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला किसान सभेचा मोर्चा १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात पोहोचला. अंतर साधारण १८० किलोमीटर. त्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून सोमय्या मैदानावर टेकलेली माणसं मध्यरात्रीनंतर उठून पुन्हा चालू लागली. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. सोललेल्या तळपायांचे फोटो अजून लोकांच्या लक्षात आहेत.

पण ही माणसं मागायला काय आली होती, असं विचारलं की बहुतेक जण ‘कर्जमाफी’ म्हणतात. यादीत कर्जमाफी होती, दीडपट हमीभाव होता, नार-पार आणि दमणगंगा या नद्यांचं पाणी होतं, निराधारांची पेन्शनही होती. पण सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या भागातून जी माणसं आली, त्यातल्या कित्येकांना बँकेनं कधी दारातही उभं केलं नाही. कारण नावावर सातबारा नाही. कसतात ती जमीन कागदोपत्री वनखात्याची. त्यांच्यासाठी पहिली मागणी एकच होती: २००६ चा वनहक्क कायदा लागू करा, आमचे दावे निकाली काढा. दावा मंजूर झाला की कसत्या जमिनीचं जे हक्कपत्र मिळतं तोच वनपट्टा.

सरकारनं लेखी दिलं की दावे आणि अपिलं सहा महिन्यांत निकाली निघतील. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसं पुन्हा निघाली. नाशिकजवळ आंबेबहुल्याला बोलणी झाली, पुन्हा लेखी मिळालं. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, दिंडोरीहून वाशिंदपर्यंत. मागणीचा मजकूर वाचला तर वनजमिनीचा परिच्छेद जवळजवळ तोच.

कायदा आणला यूपीएनं. मग राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, भाजप-सेना, महाविकास आघाडी, महायुती, सगळ्यांचे मुख्यमंत्री होऊन गेले आणि सगळ्यांच्या काळात दावे पडून राहिले. म्हणून या धाग्यावर कुठल्या एका पक्षाचं माप काढण्यात मला रस नाही. माझं म्हणणं इतकंच आहे: मोर्चाला मिळालेलं आश्वासन प्रांताच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयात दाव्याच्या फाइलपाशी अडतं. ती फाइल कशी तयार होते आणि कुठे फसते, हे जोवर आपल्याला माहीत नाही तोवर दर चार-पाच वर्षांनी नवे फोटो पाहायची पाळी येणार.

मोर्चाची व्यवस्था, महसुली कागद, कायदा यातलं ज्याला जे नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहा. ऐकीव नको.

---

मुळामुठा

मागणीबद्दल वाद नाही. पण दोन शंका आहेत. एक, हे मोर्चे पक्षच काढतात, झेंडे स्पष्ट दिसतात. आणि हक्क कायद्यानं दिलेला असेल तर शहर वेठीला धरून रस्त्यावर का, न्यायालयात का नाही? दोन, ‘जुनी शेती’ म्हणत काल-परवा तोडलेलं जंगलही यात घुसवलं जातं, असं वनखात्यातली मंडळी सांगतात. यावर कुणी बोलेल का?

---

रानवाट

दोन्ही शंका रास्त आहेत.

किसान सभा मार्क्सवादी पक्षाशी जोडलेली आहे हे उघड आहे, कुणी लपवत नाही. पण पंचवीस हजार माणसांना आठवडाभर शिस्तीत चालवायचं तर गावोगाव वर्षानुवर्षं बैठका घेणारी संघटना लागते. ती नसती तर ही माणसं आलीच नसती.

न्यायालयाचं म्हणाल तर २०१९ बघा. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून काढा, असा आदेश दिला. देशभरात फेटाळलेले दावे दहा लाखांच्या वर होते. आदिवासी भागांत आणि दिल्लीत आवाज उठला, केंद्र सरकार न्यायालयात गेलं आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली. दावे फेटाळताना रीत पाळली होती का, हे राज्यांनी सांगावं असं म्हटलं. म्हणजे न्यायालयातला विषयही शेवटी फाइलवरच आला.

कालच्या अतिक्रमणाबद्दल: कायद्यातच तारीख आहे, १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसत असाल तरच हक्क, तोही जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे साधारण १० एकर. बिगर-आदिवासी असेल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. पट्टा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, फक्त वारसाला जातो. नंतरचं जंगल तोडणाऱ्याला हा कायदा काहीच देत नाही. उलट जुन्यांचे दावे लवकर निकाली निघाले तर नवं अतिक्रमण ओळखणं खात्यालाच सोपं जाईल.

---

शिदोरी

मोर्चाच्या व्यवस्थेबद्दल लिहिते, कारण ‘उत्स्फूर्त’ हा शब्द वाचला की त्रास होतो. इतक्या माणसांचं काहीच उत्स्फूर्त नसतं.

आधी लांबीचा हिशेब. २५,००० माणसं तिघातिघांच्या रांगेत, रांगांमध्ये एक मीटर धरला तर आठ किलोमीटरहून लांब रांग होते. चालण्याचा वेग ताशी साडेतीन किलोमीटर. म्हणजे पुढचे पहाटे पाचला निघाले तर शेवटच्यांचा पाय सव्वासातनंतर उचलतो. उन्हाचे दोन तास त्यांच्याच वाट्याला जास्त येतात, मुक्कामाला पोहोचतात तेव्हा पाणी संपलेलं असतं. म्हणून तालुक्यांचा क्रम रोज फिरवायचा: आज मागे असलेला तालुका उद्या पुढे. हे चुकलं की तिसऱ्या दिवशी आजारी पडणारे सगळे एकाच तालुक्याचे निघतात.

जथा शंभराचा. त्याला एक टेम्पो, दोन मोठी पातेली, स्वयंपाकाला दहा जण. शंभर माणसांच्या एका जेवणाला १५ किलो तांदूळ, साडेचार किलो डाळ, लिटरभर तेल. सहा दिवस दोन वेळचं धरलं तर १८० किलो तांदूळ आणि ५४ किलो डाळ. तूर शिजायला वेळ आणि सरपण दोन्ही खाते, म्हणून मसूर घ्यावी. पहिले दीड-दोन दिवस नागलीच्या भाकरी आणि ठेचा घरूनच. हे धान्य वर्गणीतून येतं, घरागणिक पायली-अर्धी पायली. ज्यांच्या घरात पावसाळ्यापर्यंतचंच पुरेल इतकं असतं ती माणसं त्यातून हे काढतात, हे शहरात बसून कळत नाही.

पाणी पिण्यापुरतं माणशी ५ लिटर. १०,००० लिटरचा टँकर २,००० माणसांना एक दिवस. २५,००० माणसांना फक्त पिण्यासाठी बारा-तेरा टँकर रोज, स्वयंपाकाचं वेगळं. टँकर मुक्कामाला नव्हे, वाटेत दर चार-पाच किलोमीटरला उभे हवेत.

मुक्काम ठरवताना सगळ्यात आधी बायकांच्या आडोशाची सोय बघायची. ती नसेल तर बायका दिवसभर पाणी पीतच नाहीत. मग दुपारी भोवळ, रात्री लघवीला जळजळ. डॉक्टरांच्या गाडीवर येणाऱ्यांत अशा बायका खूप असतात आणि कारण त्या सांगत नाहीत.

पायांचं: नवी चप्पल कधीही घालून निघू नये. मार्चच्या दुपारी डांबर इतकं तापतं की पातळ तळाची चप्पल मऊ होऊन पट्टा उपटून येतो. जथ्यामागे दहा-पंधरा जादा जोड, दाभण आणि जाड दोरा ठेवावा. कसारा घाट उतरताना पूर्ण भार बोटांवर येतो, नखं काळी पडतात, म्हणून निघण्याआधी नखं आखूड कापायची. फोड फोडायचा नाही; स्वच्छ धुऊन, गॉज ठेवून पट्टी. रात्री खोबरेल तेल. चक्कर आली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजानं मीठ वाढवू नका, त्यानं उलटी होते. अकरा ते चार सावलीत थांबायचं, दिवसाला २५ ते ३० किलोमीटर पुरे.

---

वाचनमात्र

शिदोरी ताई, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. घाटात वाहतुकीचं कसं करतात?

---

शिदोरी

एकच बाजू वापरायची, दुभाजक ओलांडायचा नाही. रांगेच्या पुढे आणि मागे लाल दिवा, दोन्ही कडांना दोरी धरलेले स्वयंसेवक. वळणावर थांबून घोषणा नाहीत. पहिली रांग पोहोचण्याआधी तासभर घाटाखालच्या पोलीस चौकीला फोन.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात.

शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. शाहीनबाग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. चालता मोर्चा आणि बेमुदत ठिय्या यांतला फरक इथे महत्त्वाचा. मुळामुठा यांचा ‘शहर वेठीला’ हा आक्षेप ठिय्याला लागू होतो. एका बाजूनं पुढे सरकणाऱ्या रांगेला तितकासा नाही.

प्रत्यक्षात काय करायचं: मार्गातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला स्वतंत्र अर्ज. जिल्ह्याच्या अधीक्षकांना एकच पत्र देऊन भागत नाही, कारण ग्रामीण हद्द संपून आयुक्तालयाची हद्द लागली की परवानगी देणारा बदलतो. अर्जात मार्ग, वेळा, अंदाजे संख्या, वाहनांचे क्रमांक, प्रमुख दहा जणांची नावं, ध्वनिक्षेपकाचा तपशील. पोच शिक्क्यासह घ्या. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी पुन्हा पुन्हा निघत असते. एक आदेश पंधरा दिवसांचा असतो, त्यामुळे निघायच्या दिवशी कुठला आदेश चालू आहे ते बघा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद.

नोटीस येते ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली, जुन्या फौजदारी संहितेतलं १४९. ती मिळाली म्हणजे अटक झाली असं नाही. गुन्हे बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेच्या १८९ (बेकायदा जमाव) आणि २२३ (आदेशाचा भंग) खाली लागतात. किरकोळ दिसतात, पण पाड्यावरच्या माणसाला पाच-सहा वर्षं तारखेला जायला प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं. म्हणून समझोत्यात ‘मोर्चासंबंधी गुन्हे मागे घेणे’ हा मुद्दा गुन्हा क्रमांकांसह लिहून घ्यावा. नुसतं ‘सहानुभूतीपूर्वक विचार करू’ असं असेल तर सही करू नका.

---

खुरासणी

तारखांबद्दल कुणी बोललं नाही. तिन्ही वेळा फेब्रुवारी-मार्च का? एक कारण सगळ्यांना कळतं: विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन. २०१८ आणि २०२३, दोन्ही वर्षी राज्याचा अर्थसंकल्प ९ मार्चला मांडला गेला.

दुसरं कारण आमच्याकडच्या माणसाला विचारा. दिवाळी झाली, भात-नागली निघाली की पाडे रिकामे होतात. कोण वीटभट्टीवर, कोण द्राक्षबागेत, कोण ऊसतोडीला. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी येता येत नाही. पण होळीला माणूस काहीही करून गावी येतो. २०१८ ला होळी १ मार्चला होती, मोर्चा ६ ला निघाला. आणि तेव्हाच मोहाची फुलं पडायला लागतात. आठवडाभर मोर्चात म्हणजे मोहाचा आठवडा गेला. हे नुकसान कुठल्याच बातमीत मोजलं जात नाही.

आता हेच कॅलेंडर ग्रामसभेला लावून बघा. वनहक्काच्या दाव्यावर ठराव करायचा तर ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात आणि दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. नेहमीच्या ग्रामसभेच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला निम्मा पाडा भट्टीवर. १५ ऑगस्टला आवणीची, म्हणजे भातलावणीची, कामं, नदीनाले भरलेले. गणपूर्ती होत नाही, ठराव लांबतो आणि वर अहवाल जातो की ‘ग्रामसभेचा प्रतिसाद नाही’. गरिबी ही अशी कागदात उतरते.

उपाय साधा आहे. एक, सभा ग्रामपंचायतीची न घेता पाड्याची घ्यायची. कायदा पाड्याच्या ग्रामसभेला मान्यता देतो. ३,००० मतदारांच्या पंचायतीत १,५०० माणसं जमवणं अशक्य, २०० च्या पाड्यात १०० जमतात. दोन, दाव्यांची सभा होळीच्या आठवड्यात ठेवायची.

---

गाव_नमुना_७

महसुली कागदांबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक दावे खोटे म्हणून पडत नाहीत, अर्धवट म्हणून पडतात.

दावा नमुना ‘अ’ मध्ये. सामूहिक हक्कांसाठी ‘ब’, सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’. तो वनहक्क समितीकडे द्यायचा. ही समिती ग्रामसभा निवडते, १० ते १५ जणांची, दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. दावा देताना पोच घ्या. पोच नाही तर दावा नाही, असं समजून चाला.

पुरावे किमान दोन, वेगवेगळ्या प्रकारचे. लोक एकाच प्रकारचे चार कागद लावतात, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार. यातून माणूस गावचा आहे हे कळतं, जमीन २००५ पूर्वी तो कसत होता हे कळत नाही. सगळ्यात भक्कम कागद म्हणजे वनखात्यानंच केलेली जुनी कारवाई: दंडाची पावती, वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट, जप्तीचा पंचनामा. ज्या पावतीची कधी भीती वाटली तीच आज हक्काचा पुरावा आहे. पत्र्याच्या पेटीत, देवाऱ्यामागे, छपराच्या वाशांत शोधा. ते नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब चालतो, पण तो स्वतः दावेदार नसावा. इथे फार चुका होतात. एकमेकांचे जबाब लावले की दोघांचेही पडतात. जमिनीवरच्या खुणाही पुरावा आहेत: बांध, विहीर, जुनी आंब्याची किंवा मोहाची लावलेली झाडं, दफनाची जागा. त्यांचे फोटो आणि पंचांच्या सह्या.

उपग्रहाचं छायाचित्र सक्तीचं नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत, १२-अ मध्ये, स्पष्ट आहे की अमुकच कागद हवा असा आग्रह समित्यांनी धरायचा नाही आणि उपग्रहचित्र हे इतर पुराव्याला जोड आहे, पर्याय नाही. डोंगरउतारावर नागली, मग वरई, मग खुरासणी आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक, अशी फेर असते. पडीक वर्षातलं चित्र काढलं तर झुडपं दिसतात आणि शेरा पडतो ‘लागवड आढळली नाही’. असा शेरा आला तर पिकांची फेर लिहून ग्रामसभेचा ठराव जोडा.

जीपीएस मोजणीत क्षेत्र कसं गळतं ते समजून घ्या. २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण ४५ बाय ४५ मीटर, २,०२५ चौरस मीटर. झाडोऱ्यात हातातल्या यंत्राची चूक पाच मीटर सहज होते. चारही बाजूंनी रेघ पाच मीटर आत पडली तर उरतात ३५ बाय ३५, म्हणजे १,२२५. चाळीस टक्के जमीन कागदावरून गेली. तुकडा लहान तेवढा फटका मोठा. म्हणून बांधाच्या बाहेरच्या कडेनं चालायचं, प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र मिनिटभर स्थिर धरायचं, वळण असेल तिथे जादा बिंदू घ्यायचा आणि नकाशावर शेजाऱ्यांची सही घ्यायची. एकर-दोन एकर कसणाऱ्याच्या हातात काही गुंठ्यांचा पट्टा पडतो, ही तक्रार २०१८ च्या मोर्चात गावोगावच्या माणसांची होती. तिच्या मुळाशी हे एक कारण आहे.

स्थळपाहणीला वनरक्षक येत नाही, म्हणून काम थांबवू नका. लेखी नोटीस द्या, पोच ठेवा, तो नसला तरी पंचनामा करा. नंतर खात्यानं ‘आम्ही हजर नव्हतो’ असा आक्षेप घेतला तर उपविभागीय समिती दावा फेरपाहणीला ग्रामसभेकडे पाठवते आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो.

---

वाचनमात्र

ज्यांना ‘तुमचा दावा नामंजूर’ इतकंच तोंडी सांगितलं गेलं आहे त्यांनी काय करायचं?

---

काळा_कोट

तोंडी नामंजुरी ही नामंजुरीच नाही. दावेदाराला व्यक्तिशः, कारणांसह, लेखी कळवावं लागतं. तिथून ६० दिवसांत अपील, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. मुदत कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे ज्यांना कागदच मिळालेला नाही त्यांची मुदत संपलेली नाही. प्रांताकडे अर्ज करून निर्णयाची प्रत मागा. म्हणणं ऐकल्याशिवाय फेटाळता येत नाही आणि ग्रामसभेनं मंजूर केलेल्या दाव्यात त्रुटी असेल तर वरच्या समितीनं तो फेरविचारासाठी परत पाठवायचा असतो. पूर्वी जिल्हास्तरीय समितीचा शब्द शेवटचा होता. मे २०२० मध्ये राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या (अनुसूचित आदिवासी क्षेत्रांसाठीच्या) अधिकारात अधिसूचना काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय केली. अनुसूचित क्षेत्रातल्यांनी ती वापरावी. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही, कलम ४(५). पाड्यावर जेसीबी आला तर या कलमाची प्रत हातात असू द्या.

---

मुळामुठा

बरीच माहिती नवीन होती, आभार. रस्त्याबद्दलचा माझा आक्षेप थोडा सौम्य झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. रुग्णवाहिकेला वाट कशी देतात हेही कुणी लिहावं. एक प्रश्न: मागण्यांत पेन्शन का असते? निराधार योजना तर आहेच.

---

शिदोरी

रुग्णवाहिका: रांगेत दर पाचशे माणसांमागे पन्नास पावलांची फट कायम ठेवायची आणि शिट्टीची खूण ठरवायची. दोन लांब शिट्ट्या झाल्या की सगळे डावीकडे सरकतात. सरावाशिवाय हे जमत नाही, पहिल्या मुक्कामावर दोनदा करून घ्यायचं.

---

खुरासणी

मुळामुठा, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांत २०१८ ला महिना ६०० रुपये मिळत. २०१९ ला १,००० झाले, २०२३ ला १,५००. ही वाढ मोर्चांमुळेच झाली असं म्हणणार नाही, पण मागणी सतत यादीत होती.

खरी गोम उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०१८-१९ ला २०३ रुपये होता. शंभर दिवसांचे २०,३००, जेमतेम आत. २०२४-२५ ला दर २९७ झाला. शंभर दिवस काम मिळालं तर २९,७००. एका सरकारी योजनेनं पूर्ण काम दिलं तर घरातली म्हातारी दुसऱ्या सरकारी योजनेतून बाद होते. मग तलाठ्याकडून दाखला घेताना आकडा कमी लिहावा लागतो आणि सगळं गाव कागदावर खोटं ठरतं. मजुरी वाढली तसा हा आकडाही वाढायला हवा, ही मागणी मला वनजमिनीइतकीच महत्त्वाची वाटते.

---

कुळागर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. केपे, सांगे, काणकोण इथले वनहक्काचे दावेही वर्षानुवर्षं रखडले आहेत आणि कारणांत ग्रामसभेची गणपूर्ती आहेच. पाड्याच्या सभेचा मुद्दा आमच्या वाड्यांना तंतोतंत लागू पडतो. ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर मिळेल का?

---

गाव_नमुना_७

कुळागर, ठरावात पाच गोष्टी आल्या की पुरे: वाडीचं नाव आणि एकूण प्रौढ सदस्य, हजर संख्या आणि त्यातल्या स्त्रिया, दावेदारांची हजेरी, प्रत्येक दाव्यापुढे क्षेत्र आणि पुरावे, शेवटी सर्वांच्या सह्या-अंगठे. अंगठ्यापुढे नाव लिहा. नाव नसलेला अंगठा पहिल्याच छाननीत उडतो.

पट्टा मिळाल्यावरचं राहिलं होतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. एकट्या नवऱ्याचं नाव आलं असेल तर दुरुस्ती मागा. आणि तो सातबाऱ्यावर लागतो तो ‘इतर हक्कात’, वर भोगवटादार म्हणून वनविभागच. त्यामुळे सोसायटीचा सचिव पीककर्जाला नाही म्हणतो, भात खरेदी केंद्रावर नोंदणी अडते. मोर्चाची ‘कसणाऱ्याच्या नावे सातबारा’ ही मागणी इथून आली. ती सुटेपर्यंत निदान एवढं करून घ्या: पीएम किसानचे वर्षाला ६,००० वनपट्टाधारकाला मिळू शकतात, अर्जाला पट्ट्याची प्रत लावा. रोजगार हमीत वनपट्टाधारक आदिवासी कुटुंबांना शंभरावर आणखी ५० दिवसांची तरतूद झालेली होती, ती आज चालू आहे का हे ग्रामरोजगार सेवकाला लेखी विचारा.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आश्वासनाच्या कागदाकडे येते.

दिल्लीच्या सीमेवरचं शेतकरी आंदोलन आठवा. २६ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं, १९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. तरी माणसं लगेच उठली नाहीत. उरलेल्या मागण्यांवर सरकारचं सही केलेलं पत्र हातात आल्यावर ९ डिसेंबरला निर्णय झाला. कायदे मागे घेण्याचं काम तारखेनं झालं, कारण ते संसदेत होणार होतं. हमीभावाचा मुद्दा ‘समिती नेमू’ या वाक्यात गेला. समिती जुलै २०२२ मध्ये जाहीर झाली. एकाच आंदोलनातल्या दोन मागण्या. जिच्यात काय करायचं हे नेमकं होतं ती झाली.

आपल्याकडे २०१८ चं ‘सहा महिन्यांत’ हे वाक्य छान दिसत होतं. पण कोण करणार? किती दावे? मोजणी पुन्हा होणार का? हे नव्हतं. २०२३ ला नेते शिकले होते. मंत्र्यांशी बोलणी झाली तरी मोर्चा वाशिंदला थांबून राहिला, मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात निवेदन केलं आणि मगच, १८ मार्चला, माणसं परतली. सभागृहात दिलेलं आश्वासन विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या नोंदीत येतं, बंद खोलीतलं येत नाही.

वनहक्कावर आश्वासन घेताना माझ्या मते हे शब्द हवेत: तालुकानिहाय प्रलंबित दाव्यांची संख्या, जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम, कमी क्षेत्र मिळालेल्यांची फेरमोजणी दावेदारासमक्ष, नामंजुरीची लेखी प्रत अमुक तारखेपर्यंत, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे आढावा आणि त्याचं इतिवृत्त संघटनेला. आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखं सामूहिक हक्काचं कलम वेगळं. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा परवाना ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडलं. हक्क आणि परवाना असे दोन स्वतंत्र मुद्दे लिहिले नाहीत तर दुसरा राहून जातो.

---

काळा_कोट

रानवाट यांच्या यादीतल्या पहिल्या मुद्द्यासाठी मोर्चाची वाट बघायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज उपविभागीय कार्यालयात आजच देता येतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मजकूर असा ठेवा: ‘अमुक तालुक्यात वनहक्क कायद्याखाली आजवर दाखल, मंजूर, नामंजूर व प्रलंबित वैयक्तिक दाव्यांची गावनिहाय यादी, नामंजूर दाव्यांत दावेदारास लेखी कळविल्याचा जावक क्रमांक व तारीख.’ ‘का’, ‘कधी करणार’ असे प्रश्न विचारू नका, ती माहिती नाही म्हणून उत्तर येतं. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

जावक क्रमांकाचा रकाना रिकामा आला, तर त्या गावातल्या प्रत्येक नामंजूर दाव्याचं अपील अजून उघडं आहे.

---

खुरासणी

हा मजकूर छापून होळीला पाड्यांवर नेतो. काळा_कोट, खाली अंगठ्यापुढे नाव लिहायची रेघ ठेवली आहे.